पाहिलेत पुष्कळ, जेवलात कोठे?

दिवाळी आली की मराठी घरात दोन गोष्टी हमखास येतात : फराळाचे डबे आणि दिवाळी अंक. अंक उघडावा तर कथा, कविता आणि राशिभविष्य यांच्या जोडीला एखादा प्रवासलेख असतोच. कोणी लंडनला जाऊन आलेले असते, कोणी कोलकात्याला, कोणी नुसते मुंबईला. चकलीचा तुकडा मोडता मोडता आपण तो लेख आवडीने वाचतो. टीकाकार मात्र त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. कथेला कसोट्या आहेत, कवितेला आहेत, नाटकाला तर आहेतच आहेत. प्रवासवर्णनाची बोळवण मात्र ‘माहितीपूर्ण व मनोरंजक’ या दोन विशेषणांवर होते. मला हा अन्याय वाटतो. आणि तो लेखकावर जितका, तितकाच वाचकावरही आहे.

म्हणून मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठरवून टाकली आहे. लेखकाने कोणकोणती स्थळे पाहिली ते मी वाचतो, पण तेथे फार रेंगाळत नाही. तो जेवला कोठे, कोणाच्या हातचे, कोणाच्या शेजारी बसून आणि किती दाम मोजून, ते मी शोधतो. ते सापडले आणि खरे वाटले, की त्या लेखातले शहरही खरे वाटू लागते. ते नसले, की मनोरे कितीही उंच आणि रस्ते कितीही रुंद असोत, शहर चित्राच्या पोस्टकार्डाइतकेच जाड राहते.

ही कसोटी खादाडपणाची आहे असे कोणी समजू नये. पाहणे आणि जेवणे या दोन क्रियांत मुळातच अंतर आहे. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडले, गेटवे १९२४ मध्ये. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून यांतले काहीही कोणालाही पाहता येते. त्यासाठी दाम पडत नाही, आणि आपण आलो, पाहिले व गेलो याचा त्या इमारतींना पत्ताही लागत नाही. जेवायचे म्हटले की शहराला आपल्याकडे पाहावेच लागते. कोणीतरी बसायला जागा द्यावी लागते. खिशात काय आहे, हे खाणार की नाही, आणि तुम्ही कोण, हे प्रश्न कधी शब्दांनी तर कधी नुसत्या नजरेने विचारले जातात. डोळा हा नेहमी पाहुणा असतो. पोट मात्र आश्रित असते. शहराचा स्वभाव पाहुण्यापेक्षा आश्रिताला लवकर कळतो.

आपल्या प्रवासवर्णनांत या बाबतीत दोन दोष नेहमी आढळतात. पहिला दोष तक्रारखोर पोटाचा. हा लेखक साता समुद्रापलीकडे जातो आणि तेथे वरणभात शोधतो. चहा आपल्यासारखा नाही, भाजीला फोडणी नाही, लोणचे तर नाहीच नाही, असे म्हणत तो प्रत्येक शहर आपल्या स्वयंपाकघराच्या मापट्याने मोजतो, आणि प्रत्येक शहर अर्थातच मापात कमी भरते. ‘खाईन तर तुपाशी’ हा बाणा घरी शोभतो. प्रवासात त्याने उपासच घडतो, आणि लेखाचाही. दुसरा दोष याच्या उलट, जिभल्या चाटणाऱ्या यादीचा. अमुक गल्लीत अमुक पदार्थ, तमुक नाक्यावर तमुक. असे पंचवीस पदार्थ तो मोजून दाखवतो, पण ते रांधणारा एकही माणूस त्यात दिसत नाही. पहिल्याला शहराचे अन्न नको असते, दुसऱ्याला अन्नामागचे शहर नको असते.

या दोन्हींतून सुटलेले लेखन कसे असते? एक जुने उदाहरण घेऊ. १८८८ मध्ये एक अठरा-एकोणीस वर्षांचा गुजराती तरुण बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला पोहोचला. मांस खाणार नाही अशी शपथ त्याने आईजवळ घेतली होती. पुढे महात्मा झालेल्या या तरुणाने ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत लंडनच्या प्रेक्षणीय स्थळांवर फारशी शाई खर्च केलेली नाही. त्याने आपली भूक लिहिली आहे. घरमालकीण पावाचे दोनतीन तुकडे वाढते, आणखी मागायची त्याला लाज वाटते, म्हणून तो अर्धपोटी उठतो. मग शाकाहारी उपाहारगृहाच्या शोधात दररोज दहा-बारा मैल चालतो. असे भटकता भटकता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे उपाहारगृह त्याला सापडते. दारातच विक्रीला ठेवलेले हेन्री सॉल्टचे शाकाहारावरील पुस्तक तो एका शिलिंगाला विकत घेतो, आणि इंग्लंडात आल्यानंतरचे पहिले पोटभर जेवण जेवतो.

या प्रकरणात लंडन किती दिसते पाहा. दहा-बारा मैल चालणाऱ्या पायांना त्या शहराचा पसारा कळला, मागायची लाज वाटणाऱ्या जिभेला तिथली रीत कळली, आणि एका शिलिंगात त्याला आपल्यासारख्या विचाराची माणसेही भेटली. आईच्या शपथेखातर जे पाळत होतो ते आता स्वतःच्या विवेकाने पाळायचे, हे त्याने त्या पुस्तकामुळे ठरवले. एका थाळीने माणूस बदलला. सेंट पॉलचे चर्च पाहून किती लोक बदलले असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

त्याच आत्मकथेत होबर्नच्या एका बड्या उपाहारगृहातला प्रसंग आहे. नाटकाला जाण्यापूर्वी एका मित्राने त्याला तेथे जेवायला नेले. सूप समोर आले. ते कशाचे केले आहे हे मित्राला विचारायचा धीर होईना, म्हणून याने वाढप्याला खूण केली. मित्र संतापला : सभ्य समाजात वागता येत नसेल तर बाहेर जाऊन जेव आणि माझी वाट पाहा! तरुण बाहेर पडला. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद झाले होते. तो उपाशीच नाटकाला गेला. येथे लेखकाने मित्राची निंदा केलेली नाही आणि स्वतःची थोरवीही गायलेली नाही. एक ताट, एक प्रश्न आणि एक बंद दार, एवढ्यावर त्याने दोन माणसे आणि एक शहर उभे केले. प्रवासवर्णनातले उत्तम पान मी याला म्हणतो, मग ते आत्मकथेत का असेना.

मराठीपुरते बोलायचे तर पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये या प्रकारच्या लेखनाची हवाच पालटली. ‘किर्लोस्कर’ मासिकातून ती क्रमशः येत असताना घरोघरी तिची वाट पाहिली जाई. तिच्यावरच्या प्रेमापोटी आपण तिच्यातले हसू तेवढे लक्षात ठेवतो. मला त्या हसण्याची दिशा अधिक महत्त्वाची वाटते. परक्या रीतीभातींपुढे भांबावलेला पाहुणा तेथे यजमानाला हसत नाही, तो स्वतःला हसतो. तक्रारखोर पोटाला दिलेले याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. पुढे त्यांच्या मागे लागून जे शेकडो प्रवासलेख लिहिले गेले त्यांनी विनोद उचलला, दिशा मात्र उलटी केली. हसू यजमानावर वळले आणि लेख आंबट झाला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी वेगळे. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याचे नावच पाहण्यासारखे आहे : ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त! त्या देशातले लोक राहतात कसे, तेथल्या बायका एकत्र येऊन काय करतात, हे त्यांना पाहायचे होते. प्रवासवर्णनाला ‘आधी लोक’ ही शिस्त मराठीत एका बाईने लावून दिली, हे आपण फारसे बोलत नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भोर घाटातून आगगाडी सुरू झाली आणि देशावरच्या माणसाला मुंबई जवळ आली. माडगांवकरांच्या पुस्तकात देवळे, तळी, बाजार आणि नाना जातीधर्मांची माणसे आहेत. शहर म्हणजे इमारती नव्हेत, पोटासाठी एकत्र आलेली माणसे होत, ही जाण त्यात आहे. त्यानंतर मुंबईवर पुष्कळ लिहिले गेले. पण ‘मुंबई पाहिली’ म्हणून गावी परतलेल्या पाहुण्याने जे लिहिले, त्यात राणीचा बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी आणि घारापुरी यांच्यापलीकडे काय सापडते?

मुंबईतल्या परक्या माणसाचे खरे यजमान तीन. पहिला इराणी. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि चहा. धोबी तलावावरचे कयानी १९०४ पासूनचे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे. ही दुकाने आता थोडी उरली आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना लेखक मस्क्याच्या मऊपणावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात. पण ज्या काळात पुष्कळ खाणावळींच्या पाट्यांवर मालकाची जात ठळक अक्षरांत लिहिलेली असे, त्या काळात इराण्याने गिऱ्हाइकाला जात विचारली नाही, चहाचे पैसे तेवढे मागितले. माझ्या मते मस्क्याहून मऊ असे काही त्या दुकानात असेल तर ते हे आहे. आणि टीकाकाराने लेखकाला विचारावे ते याविषयी.

दुसरी यजमानीण खाणावळवाली. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगाराला दोन वेळचे जेवण घालणाऱ्या हजारो बायका होत्या. पहाटे चुलीशी बसून त्या वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करीत, आणि त्यांच्या मिळकतीची व्यवसाय म्हणून कोठे नोंदही नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळण्याची वाट करून दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो संसार मोडत गेला. आज त्या जागी उभे राहिलेले मनोरे पाहायला पाहुणे माना वर करतात. त्यांच्या पायथ्याशी कोणाच्या चुली होत्या, हे प्रवासलेखाने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

आणि तिसरी यजमानीण आपल्याच घरातली. गावाकडून मुंबई पाहायला येणारा माणूस हॉटेलात कधी उतरत होता? तो चाळीतल्या एका खोलीत, भावाकडे नाहीतर मामाकडे उतरे. दिवसभर शहर पाही आणि रात्री येऊन गरम भाकरी खाई. ती भाकरी थापणारी वहिनी किंवा मामी त्या प्रवासवर्णनात शोधून पाहा. आठ दिवस चार पाहुण्यांचे जिने करून तिने राणीचा बाग त्यांच्या तोंडून ऐकला. स्वतः तो पाहिला की नाही, हे कोणी विचारले नाही. पाहुण्याच्या दृष्टीने मुंबई म्हणजे गेटवे, आणि तिच्या दृष्टीने नळाची वेळ. या दोन मुंबया एका पानावर आणील तो प्रवासलेखक मला मोठा वाटेल.

येथवर गोष्टी भुकेच्या आणि भाकरीच्या झाल्या. पण ही कसोटी खरी उतरते ती पाण्यापाशी. शहरातले ताट समजायचे तर आधी शहराबाहेरची विहीर समजून घ्यावी लागते. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. झांशी सोडून काल्पीच्या वाटेला लागलेली लक्ष्मीबाई धुळीने माखलेली, तहानलेली अशी त्यांना एका विहिरीपाशी भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर विद्वान ब्राह्मणाला हे काम सांगणे तिला प्रशस्त वाटत नाही. ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. हा प्रसंग वाचून मराठी माणसाचे डोळे ओले झाले नाहीत असे होत नाही. राज्य गेलेले असतानाही पाणी कोणी कोणासाठी काढावे, याचा विचार सुटलेला नाही, हेही त्यात आहे.

दुसरा प्रसंग १९०१ चा. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी लेखनात सांगितला आहे. ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, मनात प्रवासाचा उत्साह, बरोबर भरपूर शिदोरी. पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून शिदोरी जवळ असूनही मुले उपाशी झोपली. लक्ष्मीबाईच्या ओंजळीवर कविता झाल्या. या मुलांच्या बांधलेल्या शिदोरीवर किती झाल्या?

पुढे १९१७ मध्ये हेच आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला आले. बडोदे तेव्हा सुधारलेले, नावाजलेले शहर. तेथे त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. ही बाग, आजची सयाजी बाग, बडोद्याच्या प्रत्येक प्रवासलेखात आहे : १८७९ मध्ये महाराजांनी केली, हिरवळ सुंदर, शेजारी संग्रहालय. या बागेचे सगळ्यांत खरे वर्णन मात्र ती पाहायला आलेल्याने केलेले नाही. ज्याला त्या शहरात दुसरीकडे कोठे बसू दिले नाही त्याने ते केले आहे. शहराने एका माणसाला बाग पाहू दिली आणि पंक्तीला बसू दिले नाही. पाहणे आणि जेवणे यांतले अंतर मी आरंभी सांगितले ते इतके रुंद असू शकते.

कोणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात हे कशाला? सुट्टीत चार घटका मौज करायला माणूस परगावी जातो. त्याच्या ताटात इतिहास कशाला कालवता? आक्षेप रास्त आहे. मौजेला माझा विरोध नाही. चौपाटीवर सूर्यास्त पाहत भेळ खाण्यात जे सुख आहे ते कोणत्याही सिद्धांतात नाही. पण मौज लिहायला बसला की तो लेखक होतो, आणि लेखकाकडून वाचकाने खरेपणा मागायचाच असतो. शिवाय आज एक नवा धोका उभा आहे. ताट समोर आले की आधी मोबाइल निघतो. पदार्थाचा फोटो निघतो, तो जगभर जातो, आणि तोवर भजी निवतात. जिभेच्या हाती एवढे एक राज्य उरले होते, तेही डोळ्यांनी घेतले! खाणे हेसुद्धा आता पाहणे झाले आहे. भजी तळणारा चौकटीबाहेर राहतो. प्रवासलेख या फोटोंच्या मागे धावू लागला आहे, अशी मला भीती वाटते.

म्हणून प्रवासलेखकांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी मनोऱ्याची उंची थोडी कमी सांगितलीत तरी चालेल. तुम्हाला वाढणाऱ्या माणसाला तुमच्या लेखात एक नाव, एक आवाज आणि बसायला जागा द्या. आणि सुट्टीत परगावी निघालेल्या वाचकांनाही तीच विनंती. ज्यांच्याकडे उतराल त्या घरातल्या बाईंना एक दिवस चुलीपासून सोडवा आणि त्यांचेच शहर दाखवायला त्यांना बरोबर न्या. त्या दिवशी सगळ्यांनी बाहेर जेवावे. बिल अर्थात पाहुण्यांनी द्यावे.